टाळूवरचे दात

गळ काढायची पक्कड पाण्यात पडली.

आवाज तसा नावालाच झाला होता. एक लहानसे डुबुक, आणि मग होडीच्या कडेपासून सावकाश दूर सरकत गेलेली दोन-तीन वर्तुळे. पण ते लांब चोचीचे लोखंड सासऱ्यांच्या बोटांतून निसटले तेव्हा बोटे मात्र पक्कड धरल्याच्याच आकारात राहिली होती, आणि त्या रिकाम्या आकारात ती थरथरत होती. सुनेने ते पाहिले. तिने पाहिले हे सासऱ्यांनी पाहिले. आता दोघेही तळ्याकडे टक लावून बसले होते, जणू पक्कड चूक कबूल करून पोहत वर येणार होती.

होडीला लागून, पाण्यातच, जाळीच्या झोळीत मासा पडून होता. सुनेच्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर दोनदा मोजावे एवढा लांब. अंगावर हिरव्या काळोखात उन्हाचे कवडसे सांडावेत तसे फिकट ठिपके, आणि पुढे चपटा, लांबट जबडा. या तळ्यावर त्याला नुसते 'दातेरा' म्हणत. त्याच्या अर्धवट उघड्या तोंडातून तारेचा एक तुकडा बाहेर आला होता आणि त्या तारेचे दुसरे टोक सासऱ्यांच्या डाव्या हातात होते. तार एवढ्यासाठीच की साधा दोरा हा मासा एका मिटण्यात कापून टाकतो.

सासरे घड्याळजी होते. चाळीस वर्षे त्यांनी डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या कमानी बसवल्या होत्या, आणि आठवड्याचे सहा दिवस टिकटिक ऐकल्यावर सातव्या दिवशी ते या तळ्यावर येत, एकटे. या एकटेपणाला घरात कोणी हात लावीत नसे. अलीकडे मात्र त्यांनी मनगटी घड्याळे घेणे बंद केले होते. भिंतीवरची तेवढी घेत. 'डोळे दमतात,' असे गिऱ्हाइकांना सांगत. पण जेवताना ते वाटी दोन्ही हातांनी उचलू लागले होते, आणि डोळे दमलेला माणूस वाटी दोन्ही हातांनी उचलत नाही.

हे पहिल्यांदा त्यांच्या मुलाच्या, म्हणजे सुनेच्या नवऱ्याच्या लक्षात आले. तो पुलांचा अभियंता. जगातली कुठलीही गोष्ट किती भार पेलते हे त्याला आकड्यात लागे.

"तू एकदा जा त्यांच्याबरोबर," तो म्हणाला होता. "बघ नीट, आणि मला सांग. हात चालत नसेल तर होडी विकून टाकू. एकट्या माणसानं भर पाण्यात असल्या जनावराच्या तोंडात हात घालायचा म्हणजे खेळ नाही."

"अरे, मी दातांची डॉक्टर आहे. हातांची नाही."

"मग बरंच की. भीती दातांचीच आहे."

सकाळी होडीचा दोर सोडताना सासऱ्यांनी तिच्याकडे न बघताच विचारले होते, "तपासणीला आलीस होय, डॉक्टरीणबाई?" आणि तिने, "छे हो बाबा, मासे बघायला," असे इतक्या चटकन सांगितले होते की खोटे आपोआपच उघडे पडले. त्यानंतर ते तिच्याशी हवापाण्याचेच बोलत राहिले. परीक्षा आहे हे कळलेला माणूस जसा पेन्सिलीला नीट टोक करून बसतो, तसे त्यांनी सामान लावले, तार तपासली, आमिषाची रंगवलेली लाकडी मासोळी दूरवर फेकली. हात पाण्यावर होता तोवर सगळे ठीक चालले होते. मासा लागला तेव्हाही. त्याला दमवून, खेळवून त्यांनी झोळीपर्यंत आणला. आणि मग पक्कड पडली.

"आता?" शेवटी सुनेने विचारले.

"आता काय. दोरा कापायचा. सुटेल तो."

"आणि आतले गळ?"

"राहतील आत. लोक म्हणतात, गंजून गळून पडतात."

"तुम्ही काय म्हणता?"

घड्याळजींनी पलीकडे पाहिले. धुके उठू लागले होते आणि पलीकडच्या काठाची झाडे कमरेपर्यंतच दिसत होती.

"मला एकदा एक सापडला होता," ते म्हणाले. "तोंडात कुणाचा तरी जुना गळ. डोकं हे एवढं, आणि मागे शरीर म्हणजे नुसता पट्टा. किती दिवस उपाशी होता देव जाणे. तरी माझ्या मासोळीवर धावून आला. तोंड मिटत नव्हतं त्याचं, पण धावून आला."

हे सांगताना त्यांनी कात्रीकडे हात नेला, आणि सुनेला दिसले की कात्री उचलणे हा त्यांच्या दृष्टीने निकाल आहे. दोरा कापला की तिने घरी जाऊन काही सांगायची गरज उरणार नव्हती. त्यांनी स्वतःच सांगून टाकले असते.

"थांबा." तिने सामानाचा डबा पुढे ओढला. आत एक दुसरी पक्कड होती, आखूड, जाड तोंडाची. "ही चालेल?"

"ती तारा वाकवायची. आखूड आहे. तिनं काढायचं म्हणजे हात आत जाणार."

"माझा हात दिवसभर आतच असतो, बाबा."

"तुझी गिऱ्हाइकं सांगितल्यावर आ करतात."

"सगळी कुठं करतात? तुमचा मुलगा करतो का बघा."

यावर ते हसले, आणि तसे हसणे तिने त्यांच्या तोंडून बऱ्याच महिन्यांत ऐकले नव्हते. मग लगेच गंभीर झाले. "ऐक. आधी हात भिजव. कोरडा हात लावायचा नाही, त्याच्या अंगावरचं बुळबुळीत कवच जातं आणि मग तो सडतो. दुसरं म्हणजे त्याचा जबडा समोरून उघडायचा नाही. हनुवटीखालून, कल्ल्याच्या झाकणाखालून…"

"तोंड तर उघडंच आहे त्याचं."

"ते आत्ता उघडं आहे."

पण ती वाकली होती. बाहीचे बटण काढून, हात कोपरापर्यंत भिजवून, ती होडीच्या कडेवर छाती टेकवून त्या तोंडासमोर आली, आणि क्षणभर पुढचे सगळे विसरली.

तिने आजवर हजारो तोंडे उघडलेली. तोंड ही तिला माहीत असलेली जागा होती. तिच्या पुढ्यात येणारी माणसे बदलत, पण जागा तीच असे. बत्तीस खुर्च्यांचे लहानसे सभागृह, काही खुर्च्या रिकाम्या, काही मोडक्या. इथे ती सवय उंबऱ्याशीच अडखळली. खालच्या जबड्यावर सुळ्यांची विरळ रांग होती, एकेक सुळा काचेसारखा, मुळाशी पिवळसर आणि टोकाशी जवळजवळ अदृश्य. कीड नाही, झीज नाही. हिरड्या ओल्या, फिकट गुलाबी, नवजात बाळाच्या असतात तशा. एवढे स्वच्छ तोंड तिने पाहिले नव्हते. ते कधीच कोणाशी काही बोललेले नव्हते, हे एक कारण असेल असे तिच्या मनात येऊन गेले.

मासोळीला खाली तीन-तीन तोंडांचे दोन गळ होते. एक जबड्याच्या कोपऱ्यात रुतला होता. दुसरा आत, घशाच्या वाटेवर, जिथून लाल कल्ल्यांची झालर सुरू होते तिथे.

तिने उजव्या हातात पक्कड घेतली. आणि मग तिने ती गोष्ट केली जी दुसऱ्या कुठल्याही माणसाने केली नसती. कोळ्याने नाही, घड्याळजीने नाही, साध्या घाबरट माणसाने तर नाहीच. दातांचे काम शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात, हात अधांतरी नको. एका बोटाला टेकू हवा. वीस वर्षे तिच्या डाव्या हाताचे बोट विचार न करता तो टेकू शोधत आले होते, आणि माणसाच्या तोंडात सगळ्यात निर्धोक टेकू म्हणजे टाळू. तिथे दात नसतात.

तिचे बोट वरच्या जबड्याच्या आत गेले आणि टाळूला टेकले.

"वर नको!" सासरे ओरडले.

आत जाताना काहीच टोचले नाही. मखमलीवरून तिच्या लवेच्या दिशेने हात फिरवावा तसे ते मऊ, ओलसर लागले. मग बोट थांबले, आणि मखमल उभी राहिली. टाळू दातांनीच विणलेला होता. शेकडो बारीक दात, सगळ्यांची टोके घशाकडे वळलेली, येणाऱ्याला वाट देणारी आणि परतणाऱ्याला अडवणारी. त्याच क्षणी माशाने तोंड मिटले.

दुखणे लगेच आले नाही. आधी आले ते वजन. मग थंडी. मग अगदी बारीक, तपशीलवार दुखणे, जणू कोणी बोटावर अनेक छोट्या सह्या करीत होते.

तिने हात ओढला नाही.

हे धैर्य नव्हते, सवय होती. एका लहान मुलीने तिला कधी तरी खुर्चीत कडकडून चावले होते, आणि तेव्हापासून तिला ठाऊक होते की चावणाऱ्याच्या तोंडातून बोट ओढले की तो आणखी चावतो. ती थांबली. मासाही थांबला. दोघांनी एकमेकांना धरले होते आणि कोणी कोणाला धरले आहे हे त्या घटकेला सांगता आले नसते. त्याचा डोळा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. सोनेरी कड, मध्ये काळा ठिपका. त्यात राग नव्हता, भीती नव्हती, ओळख तर नव्हतीच. तिच्याकडे इतके निर्मळ, इतके निरपेक्ष असे कोणीही कधी पाहिले नव्हते.

"ओढू नकोस," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम दुकानातला झाला होता, हळू आणि नेमका.

"नाही ओढत."

"मागे वळलेले आहेत ते."

"कळलं, बाबा."

"ओढलंस तर हाडापर्यंत सोलेल. आणि त्यानं अंगाला पीळ दिला तर…"

"कळलं म्हटलं ना! पुढचं सांगा."

सासऱ्यांनी पुढचे स्वतःच करायला घेतले. तार सोडून दिली. उजव्या हाताची बाही वर सारली. झोळीची दांडी गुडघ्याखाली दाबली आणि तो हात पाण्यात घातला.

हात थरथरत होता. आता लपवण्याचा प्रश्नच नव्हता. मनगटापासून बोटांपर्यंत तो बेताल हलत होता आणि त्याच्याभोवती पाण्यावर बारीक बारीक रेषा उठत होत्या. सून डॉक्टर होती, आणि त्या हाताला आता काय करायचे आहे हे तिला कळत होते. हनुवटीखाली कल्ल्याच्या झाकणाची कड शोधायची. चारी बोटे जुळवून त्या कडेखाली सरकवायची, बाहेरच्या हाडाला घासत, म्हणजे आतल्या लाल झालरीला धक्का लागणार नाही. झाकण आणि झालर यांच्यामध्ये बोटाच्या जाडीएवढीच जागा असते. झालरीला बोट लागले, तर मासा उसळेल. उसळला तर तिचे बोट त्याच्याबरोबर जाईल. निरोगी हातालाही ही वाट अरुंद होती. आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच रुग्णाच्या जागी बसून तिने दुसऱ्या कोणाचा तरी हात आपल्याकडे येताना पाहिला. माणसे खुर्चीत डोळे का मिटून घेतात ते तिला समजले.

तिने मात्र मिटले नाहीत.

हात माशाच्या गळ्याशी आला. एकदा कडेवरून घसरला. सासऱ्यांनी तो मागे घेतला, पुन्हा नेला. घाई नव्हती त्यांच्यात. थरथर बाहेरच्या बाहेर चालू होती आणि त्या थरथरीच्या आत कुठे तरी एक फार जुना, मुरलेला माणूस शांतपणे काम करीत होता. दुसऱ्या वेळी करंगळी कडेला लागली. मग तिच्या मागून तिघी, एकेक करून, दाराआड वाट बघणाऱ्या बहिणींसारख्या आत सरकल्या.

आणि थरथर थांबली नाही. हेच तिला पुढे कायम आठवत राहिले. सासऱ्यांची थरथर माशाच्या हाडांत शिरली, जबड्यातून चढत टाळूपर्यंत आली आणि तिथून तिच्या बोटात उतरली. ती तिला लागत होती. त्या थरथरीमागे माशाच्या कल्ल्यांची संथ उघडझाप होती, आणि त्याही मागे सुनेच्या स्वतःच्या बोटातली धडधड. तीन जीवांचे तीन ठोके एका जबड्यात एकत्र वाजत होते आणि कोणाचाही कोणाशी ताळमेळ नव्हता. तरी ते सगळे मिळून कसले तरी एकच यंत्र झाले होते, आणि ते चालत होते.

सासऱ्यांनी हात किंचित वर उचलला. जबडा उघडला. जोर लावावा लागला नाही. दार योग्य बिजागरीवर उचलले की आपसूक उघडते, तसा.

"आधी आत ढकल," ते म्हणाले. "आत. मग खाली. मग बाहेर."

परतीच्या वाटेसाठी आधी आणखी आत जावे लागते, हे मान्य करायला बोटाला एक क्षण लागला. मग तिने ढकलले. उभी मखमल पुन्हा निजली. बोट खाली आले, आणि बाहेर आले. त्यावर समांतर रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेतून रक्त येत होते, पाण्यात पडताच धुरासारखे उलगडणारे.

"बस झालं," सासरे म्हणाले. "आता कापू दोरा."

पण ती बघत होती. उघड्या तोंडात आता सकाळचा तिरपा उजेड पडला होता आणि टाळू पूर्ण दिसत होता. तीन पट्टे. त्यांवर ओळीमागून ओळी, आणि जिथे एखादा दात पडला होता तिथे त्याच्यामागे दुसरा आडवा निजलेला, आपली पाळी येईपर्यंत. इथे काहीच दुरुस्त करायचे नव्हते. तिच्या सगळ्या विद्येला, भरण्याला, घासण्याला, कवळ्यांना या तोंडात काडीचे काम नव्हते. गुडघे टेकावेत असे तिला वाटले, आणि मग लक्षात आले की ती गुडघ्यांवरच होती.

"तसाच धरून ठेवता येईल?" तिने विचारले.

"हात बघतेस ना माझा?"

"बघतेय. तसाच धरा."

त्यांनी धरला. तिने उजव्या हातातली पक्कड आत नेली. या वेळी टेकू घेतला तो त्यांच्या मनगटाचा. ते हलत होते, मग तिने आपलाही हात त्याच्याबरोबर हलू दिला, आणि दोघे एकदमच हलत असल्यामुळे काम स्थिर झाले. कोपऱ्यातला गळ एका पिळात सुटला. आतला सुटेना. तिने तो मागच्या बाजूने, झालरीला न छेडता, उलटा फिरवला, तसा तो खट्टदिशी निघाला. लाकडी मासोळी तिच्या हातात आली तेव्हा तिच्या रंगावर ओरखड्यांची जाळी उमटली होती.

मग सासऱ्यांनी झोळी खाली केली आणि शेपटीच्या मुळाशी धरून माशाला पाण्यात सरळ उभे ठेवले, ओल्या तळहातावर. तो लगेच गेला नाही. तोंड उघडून मिटून पाणी पीत राहिला. मग त्याच्या अंगातून एक लाट गेली, आणि तो हातातून जोराने नव्हे तर कंटाळल्यासारखा निघून गेला. खालच्या हिरव्या अंधारात त्याचे ठिपके थोडा वेळ दिसले, मग फक्त अंधार.

सासऱ्यांनी आपला रुमाल फाडून तिचे बोट बांधले. गाठ मारायला त्यांना तीन खेपा लागल्या आणि तिने मदत केली नाही.

"कधीपासून?" तिने विचारले.

"वर्ष होईल."

"बोलला नाहीत."

"घड्याळ मागे पडतंय हे त्या घड्याळाला थोडंच कळतं? शेजारी दुसरं लावलं की कळतं." ते वल्ही घेऊन बसले. "म्हणून तर मी शेजारी कोणाला बसू देत नव्हतो."

थोड्या वेळाने, वल्ह्यांच्या दोन फटक्यांमध्ये, ते म्हणाले, "त्याला सांगशील."

"सांगावं लागेल, बाबा."

"हं. सांग. तू सकाळी खोटं बोललीस, ते तुला जमत नाही."

धक्क्यावर नवरा उभा होता. आधी त्याला रुमाल दिसला. "हे काय झालं बोटाला?"

"माझी चूक. टाळूला हात लावला."

"कुणाच्या?"

"त्याच्या. सांगते नंतर."

"आणि बाबांचा हात?" त्याने आवाज खाली आणला, पण धक्क्यावर दुसरे कोणी नव्हते आणि सासरे चार पावलांवर होडी बांधत होते. "थरथर दहापैकी किती?"

"दहापैकी दहा," ती म्हणाली. "पक्कड पडली हातातून. आणि त्याच हातानं माझं बोट सोडवलं. कातडीच गेली फक्त. त्यांच्या जागी तू असतास तर बोट गेलं असतं. मी असते तरी गेलं असतं."

"म्हणजे होडी विकायची की नाही? एक काहीतरी सांग."

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. ती सासऱ्यांकडे वळली. ते दोर बांधून उभे राहिले होते, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले, आणि उजवा उन्हात उघडपणे थरथरत होता.

"बाबा, एकट्यानं नको," ती म्हणाली. "दर आठवड्याला मी येते. मासा तुम्ही लावायचा, जबडा तुम्ही धरायचा, गळ मी काढीन. मधे बोलणार नाही. हाताकडे बघितलेलं नको असेल तर पाठ करून बसेन. पण मला ते तोंड पुन्हा बघायचंय." तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा कोवळा निघाला. "चालेल ना?"

घड्याळजींनी तळ्याकडे पाहिले. धुके पूर्ण उठले होते आणि पाणी सगळीकडून दिसत होते, एका माणसाला पुरेल एवढे, किंवा दोघांना. त्यांनी वाकून वल्ही उचलली, खांद्यावर नीट तोलून घेतली, आणि 'येताना लांब चोचीची पक्कड घेऊन ये,' एवढे सांगून फळ्यांवरून काठाकडे चालू लागले.